जड वायरी

धुकं पडलं की गाडी मिसिंग मारायची, आणि यंदा पाऊस उघडल्यापासून धुकं मुक्कामालाच आलं होतं. सकाळी बॉनेट उघडावं तर प्लगच्या वायरींवर दव साचलेलं. इंजिन चालू केलं की एका तडकलेल्या वायरीतून निळी ठिणगी बाहेर उडायची. नवरा फडक्यानं एकेक वायर पुसायचा, पुसताना शॉक बसला की हात झटकून गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि पुन्हा पुसायला लागायचा. बायको शेजारी टॉर्च धरून उभी.

"अहो, बदला की आता त्या वायरी."

"बदलू. घेवडा संपू दे."

"घेवडा संपेपर्यंत तुमचा हात संपेल."

त्याला हसू आलं नाही. गाडी ढकलून ढकलून त्याची कंबर धरली होती, वाकला की सरळ होताना चेहरा वाकडा व्हायचा. तरी गाडीबद्दल दुसऱ्यानं वाईट बोललेलं त्याला खपत नसे. शिव्या घालायचा हक्क त्यानं स्वतःकडे ठेवला होता.

दोघांना सगळे काटेवाले म्हणत. टेकडीवरच्या शेतांतला घेवडा गोळा करायचा आणि खाली रस्त्याकडेच्या खरेदीच्या शेडवर पोचवायचा, हा त्यांचा धंदा. प्रत्येक थांब्यावर गाडीच्या मागे जमिनीवर वजनकाटा मांडायचा. हा काटा लाल आकड्यांचा. त्याची स्वतःची बॅटरी केव्हाच मेली होती, म्हणून त्याची तार गाडीच्या बॅटरीला जोडलेली. आणि गाडी बंद करायची नाही, कारण एकदा बंद केली की सेल्फ लागेलच याची खात्री नव्हती. तेव्हा इंजिन धडधडतंय, धूर तोंडावर येतोय, आणि त्या धडधडीच्या वर चढून बायको आकडा बोलायची.

"एकतीस, चारशे!"

"एकतीस चारशे," पोत्याच्या मालकानं म्हणायचं.

दोन तोंडांतून गेला की आकडा पक्का. मग ती खडूनं तो पोत्यावर लिहायची आणि पुढचं पोतं ओढायची. इतक्या वर्षांत 'पुन्हा ठेवा' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. खालच्या रस्त्यावर आता एक नवी डिझेलची गाडी फिरायला लागली होती. तिचं भाडं कमी होतं, पत्रा चकचकीत होता आणि ती कुठल्याही धुक्यात सुरू व्हायची. तरी लोक माल यांच्याकडे द्यायचे, ते हिच्या आकड्यापायी. हे नवऱ्यालाही ठाऊक होतं आणि त्याला ते थोडं टोचायचंही. गाडी त्याची, पेट्रोल तो भरणार, कंबर त्याची जाणार आणि नाव मात्र हिच्या तोंडाचं.

तिच्या हातातही काटा होता. पोतं उचललं की वजन कळायचं, अर्ध्या किलोचा फरक बोटांना लागायचा. बाजारात गेली तरी प्रत्येक वस्तू ती आधी हातात घेऊन तोलायची, मग ती कढई असो, कुलूप असो की चप्पल. जड ते टिकाऊ आणि हलकं ते फसवं, एवढ्या एका हिशेबावर तिनं सगळा संसार जमवला होता. कढई अजून होती, कुलूपही होतं. त्यामुळे तिला वेगळं शिकायची कधी गरज पडली नव्हती.

त्या दिवशी भरलेली गाडी चढावर बंद पडली ती पडलीच. फडकं झालं, फुंकर झाली, शिव्या झाल्या. नवऱ्यानं चाकांमागे दगड लावले, कारण हँडब्रेकवर त्याचाही विश्वास नव्हता. मग त्यानं तडकलेली वायर ओढून काढली आणि तिच्या हातात दिली.

"तू जा. ही दाखव आणि हिच्या मापाचा पूर्ण सेट आण. चार प्लगच्या आणि एक मधली."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मग मी जातो, तू गाडीजवळ थांब. दगड सरकला तर पायानं अडव."

ती निघाली. उतारावरून चालताना गुडघे बोलत होते. स्वेटरवर धुकं बसून लोकर ओली झाली होती. मागे वळून पाहिलं तेव्हा नवरा पोत्यांवर ताडपत्री ओढत होता, एका हातानं, दुसरा हात कमरेवर.

स्पेअर पार्टचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. छतापासून पट्टे, नळ्या आणि केबली लोंबत होत्या आणि मधून वाकून जावं लागायचं. दुकानदार काउंटरमागे स्टुलावर बसून काचेच्या ग्लासातला चहा फुंकत होता. तिनं वायर काउंटरवर ठेवली. त्यानं ती दोन बोटांनी उचलली, वाकवली. वरचं रबर वाळल्या सालीसारखं फुटलं.

"ताई, हिला घरी ठेवून घेतली होती की काय इतकी वर्षं? हिची तर पेन्शन सुरू व्हायला पाहिजे."

"दुसरी दाखवा. गाडी चढावर उभी आहे."

त्यानं तीन डबे काढले. पहिल्यातल्या वायरी इतक्या बारीक होत्या की तिनं त्या हातातही घेतल्या नाहीत. दुसऱ्यात काळ्या होत्या, मऊ, गुंडाळून ठेवलेल्या.

"ही बघा. गाडीबरोबर कंपनी देते तशीच. बनवणारा दुसरा, पण जात तीच."

तिनं गुंडाळी तळहातावर घेतली. हाताला काही लागलंच नाही. बोटांनी दाबून पाहिली, पुन्हा तोलली.

"आत काय आहे हो हिच्या?"

"कोळशाचा धागा असतो."

"धागा?" तिनं गुंडाळी खाली ठेवली. "धाग्यावर गाडी चालणार आमची? पंचवीस पोती असतात तिच्यात."

दुकानदारानं तिसरा डबा पुढे सरकवला. वायरी लालभडक, बोटाएवढ्या जाड, टोकाच्या टोप्या भक्कम. तिनं उचलल्या आणि हात आपोआप थोडा खाली गेला. तेवढ्यानंच तिचं मन झालं.

"यात सबंध तांबं," दुकानदार म्हणाला. "शर्यतीवाले लावतात. पावसात घाला, चिखलात घाला, ठिणगी तोडणार नाही. आणि तांबं काही मरत नाही."

"मग ह्याच द्या."

"फक्त एक आहे. गाडीत रेडिओ असेल तर तो खरखर करेल. ठिणगीचा आवाज पकडतो. काळीचं तसं नाही, ती गप्प असते."

"आमच्या गाडीत रेडिओ नाही," ती म्हणाली. "आमच्या गाडीत सीटसुद्धा धड नाही."

दुकानदार हसला. तिलाही हसू आलं. परत चढ चढताना पिशवी खांद्याला लागत होती आणि ते ओझं तिला बरं वाटत होतं.

नवऱ्यानं एक जुनी काढायची, तिच्या जागी एक नवी बसवायची, मग पुढची, अशा सगळ्या बसवल्या. सगळ्या एकदम काढल्या तर कुठली कुठे जायची ते कळेनासं होतं, म्हणून तेवढी सावधगिरी तो पाळायचा. चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्याला बोललं, मिसिंग नाही, खोकला नाही. तो सीटवर तसाच बसून राहिला, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून, ऐकत.

"काय निवडलीस गं!" तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या कुठल्या खरेदीला त्यानं असं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. ती पोत्यावरचं पाणी झटकत राहिली, पण त्या दिवसाचा शीण तिचा तिथंच अर्धा उतरला.

दुसऱ्या दिवशी पहिला थांबा दिराच्या अंगणात. दीर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. वाटणीत याच्याकडे जमीन गेली आणि त्यांच्याकडे गाडीचे पैसे आले. चांगलं कुणाला मिळालं यावर दोघं भाऊ कधी बोलायचे नाहीत. बाकी सगळं बोलायचे. आजूबाजूचे चार-पाच जणही आपली पोती याच अंगणात आणून टाकायचे, त्यामुळे सकाळी तिथं गर्दी असायची.

दिराचं पोतं तिनं उचलून काट्यावर ठेवलं. हाताला अठ्ठावीसच्या आसपास लागलं. तिनं तोंड उघडलं आणि आकड्याकडे पाहिलं. काट्यावर सव्वीस होतं. मग एकतीस झालं, मग अठ्ठावीस दोनशे, मग सत्तावीस. लाल आकडे नुसते नाचत होते. तिनं पोत्यावरचा हात काढून घेतला, वाकून काट्याखाली दगड आहे का बघितलं. आकडे थांबेनात. सगळे बघत होते. तोंड उघडून उभं राहिलेल्या माणसानं काहीतरी बोलायलाच हवं, तशी ती बोलली.

"अठ्ठावीस, दोनशे!"

दीर काट्याकडे बघत होता. त्या घडीला तिथं एकतीस होतं. तो आकडा म्हणाला नाही.

"वहिनी, पुन्हा ठेवा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं पोतं उतरवलं, पुन्हा ठेवलं. आकडे तसेच.

"अठ्ठावीस दोनशेच आहे, भाऊजी. माझ्या हाताला कळतंय."

"तुमच्या हाताला कळतंय," दीर म्हणाला, "पण मला काट्यावर एकतीस दिसतंय."

"काटा थंडीनं गारठलाय," नवरा गाडीतून ओरडला. "उशीर करू नका रे."

कुणी हसलं नाही. दिरानं शेवटी 'अठ्ठावीस दोनशे' म्हटलं, पण तोंडातल्या तोंडात, कुणी कडू औषध गिळावं तसं. पुढच्या पोत्यांचंही तेच झालं. ज्याच्या मळ्यात विहीर होती त्याला सगळे विहीरवाला म्हणत. तो तर आकडा म्हणायच्या आधी प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे आणि काट्याकडे आळीपाळीनं बघत होता. तिचा आवाज पोत्यागणिक खाली जात होता. टेकडीवर एका म्हाताऱ्या आजीचा मळा होता, तिच्याकडे पोचेपर्यंत तो पार बसला. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आकडा तिला दिसायचाच नाही. ती ऐकायची आणि म्हणायची. त्या दिवशीही तिनं तसंच म्हटलं, आणि तेच हिला सगळ्यात जड गेलं.

शेडवर सगळ्यांची पोती एका ढिगात ओततात आणि ढीग तोलतात. तिची बेरीज त्या ढिगाशी जवळपास जुळली. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"बघ! तुझं बरोबरच होतं."

"माझं बरोबर होतं हे शेडला कळलं. अंगणात कुणाला कळलं?"

घरी आल्यावर तिनं काटा ओट्यावर घेतला. गाडीतली बॅटरी काढून आणून त्याला जोडली. जुना लोखंडी पाच किलोचा माप-गोळा ठेवला. पाच. कांद्याची पिशवी ठेवली, काढली, ठेवली. आकडा हलेना. काटा अगदी शहाण्यासारखा वागत होता. शेवटी तिनं काट्याला एक चापट मारली.

दुसऱ्या सकाळी दिराच्या अंगणात, छपराच्या खांबाला एक खिळा ठोकलेला होता आणि त्या खिळ्याला ताणकाटा लटकत होता. जुना, गंजलेला, स्प्रिंगचा. प्रत्येक पोतं दिरानं आधी ताणकाट्याच्या हुकाला अडकवलं, मान तिरपी करून वाचलं, मग काटेवाल्यांच्या काट्यावर आणून ठेवलं. तिचे आकडे नाचत होतेच. ती बोलायची, तो आपला ताणकाट्यावरचा आकडा म्हणायचा, दोन्हींत कधी अर्ध्या किलोचा, कधी किलोचा फरक. त्याच्या ताणकाट्याला तरी कुणी तपासलं होतं? पण तो हलत नव्हता. माणसाला न हलणारं खरं वाटतं.

"सोनाराचा काटा बरा यांच्यापेक्षा," विहीरवाला कुणाला तरी म्हणाला. ऐकू जावं इतपत हळू.

त्या दिवशी चार पोती कमी आली. ती नव्या गाडीत गेली होती.

टेकडीवर आजीच्या घरासमोर सपाट जागा होती. ती आजीचं पोतं काट्यावर ठेवत होती आणि नवरा गाडी थोडी मागे घेत होता. कमरेत कळ आली असावी, क्लचवरचा पाय सुटला, गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली. एकदम शांत झालं. तिनं काट्याकडे पाहिलं.

आकडा उभा होता. चोवीस सहाशे. हलत नव्हता.

नवऱ्यानं शिवी देऊन चावी फिरवली. नशिबानं सेल्फ लागला. आकडा लगेच नाचायला लागला.

"बंद करा," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी बंद करा!"

"डोकं फिरलंय का तुझं? आत्ता कुठं लागलीय."

"करा म्हणते ना."

त्यानं बंद केली. चोवीस सहाशे. ती काट्याजवळ उकिडवी बसली, हात गुडघ्यांवर. मग उठून गाडीच्या पुढे गेली आणि बॉनेट उघडलं. आत लाल वायरी, जाड, नव्या, चकचकीत. रेडिओ असेल तर तो खरखर करेल. आमच्या गाडीत रेडिओ नाही. हे आपणच म्हणालो, वर हसलोही.

नवरा शेजारी येऊन उभा राहिला. त्यालाही समजलं. कमरेवर हात ठेवून तो वायरींकडे असा बघत होता, जणू त्यांनी त्याला घरात घुसून फसवलं होतं.

"ठीक आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आज खाली गेलो की त्या काळ्या आण. उद्यापासून आकडा ठीक होईल. कुणाला काही बोलायचं नाही. चार दिवसांत विसरतील लोक."

"आणि हे दोन दिवस?"

"शेडवर बेरीज जुळली की नाही? मग कुणाचंही बुडालं नाही. तू उगाच आगीत हात घालू नको."

"माझा आकडा दोन तोंडांतून जायचा," ती म्हणाली. "आता एकाच तोंडातून जातोय. ते काळ्या वायरीनं ठीक होणार आहे का?"

"तू सांगितलंस की वायरींमुळे झालं, तर लोक काय म्हणतील? 'अरे अरे, बिचारी'? नाही म्हणणार. म्हणतील, आमचं वजन परत द्या. आणि ते वजन शेड देणार नाही. आपल्या भाड्यातून जाईल."

तो खोटं बोलत नव्हता. तिनं बॉनेट लावलं. आजी दारात उभी राहून दोघांच्या आवाजाच्या दिशेनं बघत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही, आजी. चोवीस सहाशे."

"चोवीस सहाशे," आजी म्हणाली.

मग गाडी सुरू होईना. दोघांनी मिळून ढकलली, आजीच्या अंगणातून उतारापर्यंत. त्याचं एक 'आई गं' तिला स्पष्ट ऐकू आलं.

दुकानदारानं वापरलेल्या वायरी परत घेतल्या नाहीत. त्याची चूकही नव्हती, त्यानं सांगितलं होतं. काळी गुंडाळी तिनं पुन्हा तळहातावर घेतली. अजूनही काही लागत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी याच हातानं ती बाजूला सारली होती आणि हातानं तेव्हा काही सांगितलं नव्हतं, आजही तो काही सांगत नव्हता. तिला आपल्या हाताची पहिल्यांदाच भीती वाटली.

"घेऊन जा ताई," दुकानदार म्हणाला. "ही आवाज करत नाही."

सकाळी काळ्या वायरींवर गाडी निमूट चालली. दिराच्या अंगणात नवऱ्यानं इंजिन चालू ठेवूनच गाडी उभी केली. तिनं काटा मांडला, गोळा ठेवून पाहिला. पाच, आणि पाचच. एवढ्यावर भागवता आलं असतं. नवरा आरशातून तिच्याकडे बघत होता, गप्प राहा असं डोळ्यांनी सांगत.

तिनं गोळा उचलला आणि सरळ उभी राहिली.

"थोडं ऐका," ती म्हणाली. "काट्यात दोष नव्हता. गाडीला लाल वायरी लावल्या होत्या, त्यांच्यामुळे आकडे हलत होते. त्या वायरी मी निवडल्या. हाताला जड लागल्या म्हणून."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. तिचे कान तापले, पण ती थांबली नाही.

"हलत्या आकड्यातला माझ्या हाताला लागला तो आकडा मी बोलले. माझ्या मते तो बरोबर होता. पण तुम्हाला वेगळा दिसला, तर मी तो तुमच्यावर लादणार नाही. त्या दोन दिवसांचा ज्याचा जो आकडा, तो त्यानं सांगावा. तुम्ही म्हणाल, मी मागून म्हणेन."

"म्हणजे उलटं?" विहीरवाल्यानं विचारलं.

"उलटं."

गाडीचं दार उघडलं. नवरा अर्धा बाहेर आला, तिच्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा आत जाऊन बसला. दार मात्र जोरात लावलं.

विहीरवाल्यानं डोकं खाजवलं आणि तीन किलो वाढवून सांगितले. ती त्याच्या मागून म्हणाली आणि खडूनं गाडीच्या पत्र्यावर लिहिलं. दुसऱ्यानं दोन वाढवले. तिसऱ्यानं, "राहू द्या, तुमचंच," म्हणत एक वाढवला. ती सगळ्यांच्या मागून म्हणत होती. उभ्या हयातीत आकडा आधी आपण बोललो आणि आता असं पोरासारखं मागून म्हणायचं.

दीर खांबाला टेकून उभा होता, ताणकाट्याखाली.

"भाऊजी, तुमचं. पहिल्या दिवशीचं ते पोतं."

त्यानं गाडीकडे पाहिलं, भावाच्या पाठमोऱ्या डोक्याकडे. मग तिच्याकडे. काहीतरी जुनं त्याच्या तोंडाशी आलं असावं, घेवड्याशी ज्याचा काही संबंध नव्हता.

"चाळीस," तो म्हणाला.

त्या पोत्यात चाळीस किलो घेवडा मावतच नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोंबून, पायानं तुडवून भरलं तरी नाही. ती 'नाही' म्हणेल याची त्याला खात्री होती. ती नाही म्हणाली असती तर त्याचं म्हणणं खरं झालं असतं, की आकडा शेवटी काटेवाल्यांचाच. विहीरवाल्यानं खाली मान घालून पायानं माती उकरली.

ती त्याच्याकडे वळली.

"चाळीस!" ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, इंजिनाच्या वर चढून, शेताच्या बांधापर्यंत जाईल असं.

आणि खडूनं पत्र्यावर लिहिलं.

बाकीची वजनं नेहमीसारखी झाली. ती बोलली, ते मागून म्हणाले. दिरानं आपलं पोतं ताणकाट्याला अडकवलं, मग आणलं. आकडा तोच आला. त्यानं तो म्हटला आणि लगेच घरात गेला. टेकडीवर आजीला तिनं सगळं सांगितलं आणि आकडा विचारला तर आजी म्हणाली, "मला काय विचारतेस? तू म्हणालीस तोच." शेडकडे उतरताना बाजारापाशी वळणावर नवरा फक्त म्हणाला, "चाळीस!" आणि मान हलवली. तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू द्यायचे नव्हते.

पुढल्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की दिराचं अंगण आवाजावरून ओळखावं लागलं. ताणकाटा खिळ्याला लटकत होता. दिरानं प्रत्येक पोतं त्याला लावलं, वाचलं, मग काट्यावर ठेवलं. ती आकडे बोलली, त्यानं ते म्हटले. वर बघितलं नाही.

शेवटचं पोतं झाल्यावर तिनं काट्याची तार गुंडाळली. दीर छपराखाली गेला आणि एक अर्धं भरलेलं पोतं घेऊन आला. ताणकाट्यापाशी थांबला नाही, काट्यापाशीही थांबला नाही. सरळ गाडीच्या हौद्यात टाकलं आणि मागे वळला.

"भाऊजी, हे राहिलं तोलायचं."

"त्याला तोलायचं नाही," तो म्हणाला. पाठमोराच.

ती हौद्यात चढली. पोतं वाटेत पडलं होतं, ते बाजूला घ्यायला तिनं उचललं, आणि हात न विचारता बोलला. अकरा, साडेअकरा. बाराला थोडं कमीच. त्या पहिल्या पोत्याचे अठ्ठावीस दोनशे आणि हे धरूनही चाळीस काही पुरे होत नव्हते. तेवढं त्यानं ठेवून घेतलं होतं. तिला हसू आलं आणि त्या हसण्यानं तिचं अंग एकदम इतकं थकलं की ती तशीच त्या पोत्यावर बसली.

"काय गं?" नवऱ्यानं पुढून विचारलं. "शेवटच्याचा आकडा ऐकू आला नाही मला."

खडू तिच्या हातात होता. पोत्यावर लिहायला जागा होती. दीर छपराखाली उभा होता, आत गेला नव्हता, मान खाली घालून ऐकत होता.

तिनं खडू स्वेटरच्या खिशात टाकला.

"चला," ती म्हणाली. "उशीर होतोय."